सालगड्याचं वर्ष – लेखांक ११ : माघातली रास

माघातल्या पहाटे हरभऱ्याच्या वावरात एकदा अनवाणी शिरून बघावं. पानांवर दहिवर असतं, पण ते नुसतं पाणी नसतं. हरभऱ्याच्या अंगातून पाझरणारी आंब त्यात उतरलेली असते. पायाला भेगा असतील तर ती भेगांत शिरते आणि मिरची भरल्यागत आग होते. पौषातल्या थंडीने भेगा तर पडलेल्याच असतात.

दीडशे वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातला सालगडी नेमक्या याच वेळी हरभरा उपटायला वाकलेला असे. ऊन वर आलं की वाळलेले घाटे तडकतात आणि दाणे मातीत जातात. दाणे वाचवायचे तर झाड ओलसर असतानाच उपटलं पाहिजे. करडईचंही तेच. तिचा काटा दुपारी सुईसारखा असतो, पहाटेच्या ओलीत थोडा नरमतो. हाताला चिंध्या गुंडाळून, दिवस कासराभर वर येईपर्यंत जेवढी निघेल तेवढी काढायची. थंडी अंगाला चावत असतानाच करायची अशी ही दोन कामं, आणि ती गड्याच्या वाट्याची. मालक त्या वेळी शेकोटीपाशी असला तर त्याला कुणी दोष देत नसे.

आंबेचा एक उपयोगही होता. रात्री हरभऱ्यावर धोतर अंथरून ठेवायचं, पहाटे ते पिळून आंब मडक्यात साठवायची. पोटदुखीवर ती घरोघरी देत. पायाच्या भेगांवर मात्र गरम बिब्बा घालायचा आणि दात आवळून बसायचं.

ही लेखमाला आपण चैत्रापासून सुरू केली, ती हौसेने नव्हे. गड्याचं साल पाडव्याला लागतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. तेव्हा माघ हा त्याच्या सालाचा अकरावा महिना. इंग्रजी तारखांत साधारण फेब्रुवारी. गेल्या आठवड्यात आपण पौषातली राखण आणि कोरठणच्या खंडोबाची पौर्णिमा पाहिली. आता पिकं हाताशी आली आहेत. वर्षभरात गड्याच्या हातून सर्वांत जास्त धान्य जातं ते याच दिवसांत.

एक खुलासा आधी करतो. नगर म्हटलं की आज ऊस आणि साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. पण भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं १९२६ मध्ये आणि प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला १९५० मध्ये. त्याआधीचा हा जिल्हा म्हणजे आभाळाकडे बघणारा कोरडवाहू मुलूख. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, शेवगाव या बाजूंना काळ्या रानात शाळू, हरभरा, करडई, जवस. जिथे विहीर होती तिथे थोडा गहू, कांदा, क्वचित उसाचा वाफा. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरात भात-नागली. तिथला गडी या दिवसांत पुढच्या पावसाळ्यातल्या रोपांची जमीन भाजायला, म्हणजे राबासाठी, फांद्या तोडत आणि पालापाचोळा, शेण गोळा करत असे. त्याचं जग वेगळं आहे, त्याच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. आपला गडी शाळूच्या मुलखातला.

हे सगळं कळतं कुठून? गड्याने स्वतः लिहिलेलं काही हाती नाही. त्याच्याकडे बघणाऱ्यांनी लिहिलं आहे. १८२० च्या सुमाराला डॉ. थॉमस कोट्स यांनी पुण्याजवळच्या लोणी गावाचं बारीक वर्णन केलं. त्यात कुणब्याचा दिवस कोंबड्याच्या आरवण्यापासून सांगितला आहे : तोंड धुणं, देवाचं नाव, चिलीम, मग बैल सोडून रमतगमत शेताकडे. नगरचं सरकारी गॅझेटिअर १८८४ चं. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ मध्ये. त्यातलं कुणब्याच्या घराचं आणि जेवणाचं वर्णन वाचून आजही घास अडतो. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ चा, पण त्यातलं गाव जुनंच आहे. यातला कोट्सचा कुणबी स्वतःच्या वावरात जातो, म्हणून तो रमतगमत जाऊ शकतो. गड्याला ती मुभा नव्हती.

गड्याची झोप गोठ्यात, नाहीतर वावरातच. अंगाखाली कडब्याच्या चार पेंढ्या, अंगावर घोंगडी. ही घोंगडी ठरावातली. साल ठरवताना रोख रक्कम असे, आणि तिच्या जोडीला घोंगडी, वहाणांचा जोड, धोतर, मुंडासं यांचीही बोलणी होत. काही गडी मालकाच्या घरी जेवत, काहींना महिन्याकाठी धान्य मिळे. महार-मांग गडी असला तर त्याची भाकर वरून पडे आणि पाणी ओंजळीत. तो मालकाच्या बैलाला हात लावू शके, मालकाच्या घागरीला नाही. या गोष्टीला त्या काळी कुणी विसंगती म्हणत नसे, हे आज वाचताना जास्त टोचतं.

घड्याळ आभाळात होतं. माघात संध्याकाळी डोक्यावर असलेलं मृगाचं तिकांडं मध्यरात्रीनंतर पश्चिमेला टेकलं आणि दक्षिणेकडे विंचू वर यायला लागला की उठायची वेळ झाली. आधी बैलांना वैरण. मग शेण काढणं, गोठा झाडणं. चकमकीवर गारगोटी घासून कापसाच्या बोळ्यावर ठिणगी पाडायची आणि चिलीम पेटवायची. आगकाडी अजून घरोघर पोचली नव्हती. आणि चहा तर नाहीच. टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकांत शेतकऱ्याच्या हातात भल्या सकाळी पितळी कप दिसला की मी वाहिनी बदलतो. नगरच्या खेड्यांत चहा रुळला तो विसाव्या शतकात. आपल्या गड्याची न्याहारी म्हणजे रात्रीची शिळी भाकर, बाजरीची नाहीतर जोंधळ्याची, वर ठेचा आणि कांदा. हरभरा कोवळा असताना एक चैन होती : त्याचे शेंडे खुडून, तिखट-मीठ घालून केलेला घोळाणा. बायका शेंडे खुडत, आणि त्याने झाडाला फुटवेही जास्त येत. दुपारी ताकातल्या कण्या किंवा हुलग्याचं माडगं आलं तर दिवस बरा.

विहिरीवरचा गडी असेल तर त्याची पहाट मोटेवर. नाड्याला लटकलेली चामडी मोट, तिच्या सोंडेला सोंदूर, उतरत्या धावेवरून मागे-पुढे होणारी बैलजोडी. भरली मोट थारोळ्यात ओतली की पाणी पाटाने गव्हाच्या वाफ्याकडे, आणि तिथे दारं धरायला बहुधा गड्याची बायको किंवा पोर. माघात विहिरीचं पाणी परसापरसाने खाली जातं. जेवढं ते खाली, तेवढा नाडा लांब आणि खेपा कमी. मोटेचं चामडं सुकून तडकू नये म्हणून तिला तेल चोळणं, तुटलेला नाडा सांधणं, हेही त्याचंच. मोटेवरच्या गाण्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला वाटतं त्या गाण्यांचा निम्मा उपयोग स्वतःची झोप घालवण्यासाठी असावा.

शाळू उभा असेपर्यंत राखण सुटत नाही. चार मेढींवर बांधलेला माळा, हातात गोफण, शेजारी खड्यांची रास. दिवसा राघू आणि चिमण्या, पण माघातला खरा शत्रू भोरड्या. हजारोंनी येतात, एका वावरावर काळं-गुलाबी कापड फेकल्यागत उतरतात, आणि गोफणीचा एक खडा गेला की सगळं कापड उचलून शेजारच्या वावरात. शेजारी तिकडून खडा मारतो. सकाळभर हा खेळ. रात्री काळविटांचे कळप. कर्जतजवळ रेहेकुरीला आज काळविटांचं अभयारण्य आहे, आणि आपण पोरांना घेऊन ती बघायला जातो. तेव्हा ती सगळ्या माळरानावर होती आणि त्यांना बघायला कुणी जात नव्हतं. त्यांच्यासाठी गड्याने रात्रभर जागायचं.

मग काढणी. आपल्याकडे शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण कडबा दाण्याइतकाच मोलाचा. भेगाळलेल्या काळ्या जमिनीतून ताट उपटायचं म्हणजे कंबर आणि तळहात दोन्ही जातात. उपटलेली ताटं आडवी, मग पेंढ्या, पाच पेंढ्यांचा पाचुंदा. बायका बसून कणसं खुडतात. कडबा बुचाडाला लागतो, पुढे त्याची गंजी. या दिवसांत गड्याच्या बायकोलाही काम मिळे, रोजावर, आणि रोज मिळे तो धान्यात किंवा कणसांत. पीक उचललेल्या वावरात गळालेली कणसं वेचायची, त्याला सरवा म्हणतात. सरवा गरिबाचा. गड्याच्या घरात वर्षाच्या शेवटी जे धान्य दिसे ते बरेचदा या सरव्याचं.

आता खळं. माघातलं खरं काम इथेच.

खळ्याची जागा वावराच्या कडेला, वारा मोकळा मिळेल अशी. जमीन खणून, पाणी मारून, बैल फिरवून ती दाबायची, मग शेणाने सारवायची. दोन-तीनदा. मध्ये तिवडा, म्हणजे खांब, रोवायचा. त्याच्याभोवती कणसं पसरून बैलांची पात धरायची. तिवड्याजवळ म्हातारा, शांत बैल, कारण त्याला जागच्या जागी फिरायचं असतं. कडेला तरणा, त्याला पल्ला मोठा. तोंडाला मुसक्या. गडी मागून फिरतो, आणि त्याचा एक डोळा सतत बैलांच्या शेपटीवर. शेपटी उचलली की धावत जाऊन शेण वरच्या वर पाटीत घ्यायचं, दाण्यावर पडू द्यायचं नाही. ऐकायला हसू येतं. पण दिवसभर गोल गोल चालताना डुलकी लागलेला गडी याच कामात चुके आणि शिव्या खाई.

मळणी झाली की वाऱ्याची वाट. वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, एकाने उभं राहायचं, खालून पाट्या द्यायच्या, वरून दाणा सरळ खाली आणि भुसकट वाऱ्यासोबत. वारा पडला की सगळे बसून. पुन्हा सुटला तर तो रात्री सुटो की पहाटे, उठायचं. बायका हातणीने अर्धवट राहिलेली बोंडं बाजूला ओढतात. हळूहळू मधोमध रास उभी राहते. तिच्यावर शेणाचा गोळा, विळा, फुलं. वहाणा लांब. मोजताना कुणी बोलत नाही. पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, आणि मग दोन, तीन. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हा पाठ. प्रत्यक्षात गावागणिक पायली लहान-मोठी आणि मणाच्या पायल्याही कमी-जास्त.

मोजणीच्या आधीच गाव येऊन बसलेलं असतं. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, मुलाणी. वर्षभर कुणी नांगर साधला, कुणी विळ्याला धार लावली, कुणी दोर दिला, कुणी हजामत केली. त्याचं बलुतं इथे, खळ्यावर, धान्यात. गाव म्हणजे गाय आणि बलुतेदार तिच्या कासेला लागलेले, अशी भाषाच होती : थोरली कास, मधली कास, धाकटी कास. ज्याचं काम जास्त, त्याची कास थोरली. यावर भांडणं होत, पिढ्यान्‌पिढ्या चालत, पण हक्क आहे यावर भांडण नव्हतं. बलुतेदारांनंतर गोसावी, फकीर, नंदीबैलवाला. त्यांनाही सूपभर, पसाभर. सांडलेलं पाखरांचं.

आणि ज्याने रास उभी केली तो? तो मापं भरत उभा असतो. त्याला या राशीत हक्क नाही.

हे मला बराच काळ लक्षात आलं नव्हतं. गावगाड्याबद्दल वाचताना आपण बलुतेदार मोजतो, अलुतेदार मोजतो, आणि सालगडी कुठेच बसत नाही हे सुटून जातं. बलुतेदाराचा करार गावाशी होता, तो बापाकडून मुलाकडे जाई आणि कुणा एका पाटलाच्या लहरीवर तुटत नसे. गड्याचा करार एका माणसाशी, एका वर्षाचा, तोंडी. पीक सोळा आणे आलं म्हणून त्याचं साल वाढत नाही. मालक खूश असेल तर राशीतून सूपभर घालील, त्याच्या बायकोच्या पदरात दोन कणसं जास्त पडतील. मिळालं तर बरं. मागता यायचं नाही. महार बलुतेदार खळ्यावर दूर उभा राहत असे, अपमानही सोसत असे, पण "माझं द्या" म्हणू शकत असे. त्याच गावात सालाने राहिलेला एखादा कुणब्याचा धाकटा पोर जातीने वरचा असून ते म्हणू शकत नव्हता.

मग राशीतलं धान्य जाई कुठे? काही पेवात. पेव म्हणजे जमिनीतला कोठार-खड्डा, वरती अरुंद तोंड, आत मडक्यासारखा फुगलेला. भरण्याआधी आत जाळ करून तो सुकवायचा, कडेने कडबा लावायचा. उतरायचं अर्थातच गड्याने. भरलेलं पेव महिन्यांनी उघडताना आत कोंडलेली हवा जीवघेणी असते, म्हणून आधी दिवा सोडून बघत. दिवा विझला तर थांबायचं. राहिलेलं बरंचसं धान्य खळ्यावरूनच सावकाराच्या गाडीत. सरकारचा सारा रोखीत भरायचा आणि सगळा गाव एकाच वेळी विकायला निघालेला, त्यामुळे भाव पडलेले. सालभर राबलेल्या मालकाच्या हातीही खळ्यावरून उठताना फार काही राहत नसे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जो भडका उडाला आणि पारनेर, श्रीगोंदे, कर्जत भागांत पसरला, त्यात लोकांनी सावकारांकडचे रोखे हिसकून जाळले. सरकारने चौकशी केली, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्या होळीत गड्याचं काही जळालं नाही. त्याचं देणं सावकाराच्या वहीत नव्हतं, ते मालकाकडे होतं.

ते देणं म्हणजे उचल. बहुतेक वेळा लग्नाची. स्वतःचं नाहीतर बहिणीचं लग्न ठरलं की पाच-पन्नास रुपये हवेत, आणि गहाण टाकायला वावर नाही. मग अंग गहाण टाकायचं. इतक्या रुपयांची उचल, त्याबदली इतकी सालं. अशी कामाची गहाणखतं सगळ्या इलाख्यात ठाऊक होती. मधल्या काळात आजारपण आलं, बैल मेला म्हणून दोष आला, पुन्हा थोडी उचल झाली, की सालं वाढत. कर्जापायी वावर सावकाराच्या नावावर गेलेला कुणबीही हळूहळू याच रांगेत येई, आणि काही वेळा आपल्याच जुन्या वावरात दुसऱ्याचं औत हाकी.

आणि पीकच आलं नाही तर? १८७६ चा पाऊस गेला. त्या माघात नगरच्या दक्षिण तालुक्यांत सारवायला खळीच नव्हती. राखायला शाळू नाही, बैलांना कडबा नाही, त्यामुळे मालकाला गडीही नको. दुष्काळी कामांवर माणसं मातीच्या पाट्या वाहत होती. दौंड–मनमाड रेल्वे १८७८ मध्ये नगरवरून धावू लागली. ती आली आणि पुढच्या एका पिढीने गावाबाहेर, मुंबईच्या गिरणीकडे जाणारी वाट धरली. सालाला "नाही" म्हणता येण्याची ही पहिली सोय, असं मला वाटतं. पण आपला गडी अजून खळ्यावर आहे.

माघात त्याला सुट्टी फारशी नाही. शुद्ध चतुर्थीला भीमेकाठी सिद्धटेकला गणपतीची गर्दी असते, कर्जतकडचा गडी मालकाची गाडी जुंपून जाईल तर जाईल. चाकांच्या कण्याला वंगण त्यालाच घालायचं आहे. वद्यात शिवरात्र. त्या दिवशी थंडी "शिव शिव" म्हणत निघून जाते, अशी म्हण आहे. घोंगडी तरीही लागते, कारण रात्री खळ्यावर झोपायचं असतं. रास घरी जाईपर्यंत तिला एकटं सोडायचं नाही.

तिथे, कडब्यात पडल्या पडल्या, तो एक हिशेब करतो. पैशांचा नाही, खाड्यांचा. वर्षात जितके दिवस तो कामावर आला नाही, ताप आला म्हणून, पोर गेलं म्हणून, जत्रेला गेला म्हणून, तितके खाडे. पाडवा आला तरी खाडे भरून दिल्याशिवाय साल सुटत नाही, नाहीतर बदली माणूस द्यायचा. मालक खाडे तोंडपाठ ठेवतो. गडी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारतो. आणि दोघांचा आकडा क्वचितच जुळतो. फाल्गुनात होळी झाली की या रेघांवरून बोलणं निघेल. ते पुढच्या, शेवटच्या लेखांकात. तोवर मोजणी चालू आहे. गोठा नुकताच सारवला, आणि त्यात तीन रेघा पुसल्या गेल्या.